इंजिनाच्या झाकणाची बिजागरी: नवी बसवण्याआधी जुनी का तुटली ते पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतील वेगवान बोटींच्या देखभालीवरचा लेख वाचला. इंजिनाच्या झाकणाच्या तुटलेल्या बिजागरीचा विषय त्यात चार ओळींत उरकला आहे: जुनी बिजागरी काढा, भोकांत फिलर भरा, नवी बिजागरी आधीपेक्षा जाड आणि लांब स्क्रूंनी आवळून टाका. लेखातले बाकीचे बरेचसे योग्य आहे. हा सल्ला मात्र जसाच्या तसा पाळला, तर नवी बिजागरीही त्याच जागी तुटेल आणि जाताना डेकचा टवका घेऊन जाईल. आम्ही फायबरच्या बोटींच्या दुरुस्तीचे काम करतो. वाचकांचे नुकसान टळावे आणि कोणाची बोटे चिरडू नयेत, एवढ्यासाठी हे लांबलचक पत्र.

बिजागरी सहसा स्वतःच्या दोषाने तुटत नाही. तिच्यावर येणारा जोर झाकणाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो आणि तो येतो झाकण उचलणाऱ्या दांड्यांकडून, म्हणजे गॅस स्ट्रटकडून (आत दाबाने वायू भरलेला, आपोआप लांब होऊ पाहणारा दांडा) किंवा विजेवर चालणाऱ्या ॲक्चुएटरकडून (मोटरने लांब-आखूड होणारा दांडा). हिशेब कागदावर मांडणे अवघड नाही. समजा, गादीसकट झाकण ४५ किलोचे आहे आणि बिजागरीपासून मोकळ्या कडेपर्यंत १.४ मीटर लांब आहे. वजनाचा मध्य साधारण ०.७ मीटरवर येतो. दांड्याचा कंस, म्हणजे दांड्याचे टोक अडकवायचा धातूचा तुकडा, झाकणाच्या आतल्या अंगाला, बिजागरीच्या पिनेपासून ०.३५ मीटरवर आहे आणि झाकण बंद असताना दांडा आडव्या रेषेशी २० अंशांचा कोन करून पडलेला आहे. पिनेपासून दांड्याच्या रेषेपर्यंतचे काटकोनातले अंतर मग जेमतेम १२ सेंटिमीटर उरते. झाकण जागचे हलवायला दोन्ही दांड्यांना मिळून ४५ × ०.७ ÷ ०.१२, म्हणजे सुमारे २६० किलोचा जोर लावावा लागतो. त्यातला जवळपास २४५ किलोचा भाग आडवा असतो. त्याने झाकण काही वर येत नाही. तो सगळा बिजागऱ्यांनाच पेलावा लागतो. उभा भाग सुमारे ९० किलोचा. त्यातले ४५ किलो वजन उचलण्यात खर्ची पडतात आणि उरलेले ४५ किलो झाकणाची बिजागरीकडची कड वर उपटू पाहतात. बोट धक्क्याला स्थिर उभी आहे, झाकणाला कोणी हातही लावलेला नाही, तेव्हाचा हा हिशेब आहे. आणि गॅस स्ट्रट असेल तर झाकण बंद करून कडी लावली तरी त्याचा रेटा रात्रंदिवस चालूच राहतो.

दांड्याचा कंस बिजागरीच्या इतक्या जवळ का लावतात, तर आखूड दांड्यात काम भागते आणि इंजिनाच्या वरची जागा मोकळी राहते. बांधणाऱ्याची सोय होते, भार बिजागरीवर पडतो. तोच कंस ०.५० मीटरवर नेला आणि कोन तोच ठेवला, तर २६० किलोंचे १८५ होतात. दांड्याचे खालचे टोक आणखी खाली नेऊन कोन ३५ अंश करता आला, तर कंस न हलवताही आकडा १६० च्या आत येतो. अर्थात कंस पुढे सरकवला की दांडाही त्याच प्रमाणात लांब लागतो आणि तो इंजिनाच्या कुठल्या भागाला घासतो का, हे झाकण उघडतानाच्या प्रत्येक टप्प्यावर पाहावे लागते. तरीही आमच्या मते, बिजागरी जाड करण्यापेक्षा कंस आणि कोन सुधारणे हीच खरी दुरुस्ती आहे.

दुसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. झाकण उघडताना त्याची बिजागरीकडची कड डेकला किंवा गादीच्या शिवणीला टेकते. टेकलेली जागा पिनेपासून २५ मिलिमीटरवर असेल, तर १.४ मीटरचे झाकण म्हणजे अक्षरशः पहार होते. मोकळ्या कडेला लावलेला २० किलोचा जोर बिजागरीपाशी ११०० किलोंचा होतो. दिसायला तीच पण पिनेची उंची ३ मिलिमीटरने कमी असलेली बिजागरी बसवली, की नेमके हेच घडते. म्हणून बाजारातून बिजागरी आणताना भोकांतले अंतर जुळले एवढ्यावर समाधान मानू नये. बैठकीपासून पिनेच्या मध्यापर्यंतची उंची, कडेपासून पिनेचे अंतर आणि वळलेल्या मानेची बिजागरी असेल तर मानेचा बाहेरचा घेर, ही तिन्ही मापे जुन्या बिजागरीवरून कॅलिपरने घ्यावीत. गादी नवी शिवून घेतल्यावर बिजागरी तुटली असेल, तर आधी गादीच्या कडेवरच संशय घ्यावा. फोम १० मिलिमीटर जाड झाला तरी पुरते.

तिसरे कारण झाकणाच्या टेकूंचे. बंद झाकण रबरी टेकूंवर आणि भोवतीच्या पन्हळीच्या कडेवर बसले पाहिजे, बिजागऱ्यांवर नव्हे. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने रबर चपटे आणि टणक होते. मग गादीवर तीन माणसे बसली की दोनशे किलोंचा मोठा वाटा बिजागऱ्यांवर जातो. बोट लाटेवरून उडून आपटली की ४५ किलोचे झाकण क्षणभर त्याच्या कित्येक पट भरते. टेकू तपासायला टेकूवर खडूची भुकटी लावून झाकण मिटावे आणि पुन्हा उघडावे. चारही टेकूंचे ठसे झाकणावर उमटले पाहिजेत. एखादा उमटला नाही, तर तिथला भार दुसरे कोणीतरी वाहते आहे.

आता मोडतोड वाचायची कशी ते. तुटलेला भाग फेकून देऊ नये, तो उजेडात धरून पाहावा. तुटलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत, काळपट, एकामागोमाग एक वक्र रेषा असलेला आणि उरलेला भाग चकचकीत, खरबरीत असेल, तर धातू बरेच दिवस थकत होता. तडा हळूहळू वाढला आणि शेवटचा तुकडा एका झटक्यात गेला. म्हणजे रोजचा भारच जास्त आहे. सगळे तोंड चकचकीत आणि खरबरीत असेल, तर एकदाच प्रचंड जोर आला. बहुतेक वेळा कडी लागलेली असताना ॲक्चुएटरचे बटण दाबलेले असते. पिनेचे भोक लांबट झाले असेल, तर बिजागऱ्यांच्या पिना एका रेषेत नाहीत. बिजागरी शाबूत आणि स्क्रूच उपटून आले असतील, आट्यांत तपकिरी ओला भुगा अडकला असेल, तर आतला गाभा कुजला आहे. आणि स्टेनलेसचा बोल्ट डोक्याखाली किंवा डेकच्या जाडीत तुटला असेल, तर ओल्या गाभ्यात हवा न मिळाल्याने तो फटीतल्या फटीत खाल्ला गेला आहे. वरून असा बोल्ट झकास चमकतो, आतून मात्र शिसपेन्सिलीच्या टोकाएवढाच उरलेला असतो.

कामाला हात घालण्यापूर्वीची काळजी. एक बिजागरी तुटलेली दिसत असेल तर ॲक्चुएटरचे बटण अजिबात दाबू नये. झाकण तिरके होऊन इंजिनाच्या इंधननळीवर किंवा हवेच्या तोंडावर घसरते आणि दुसरी बिजागरीही पिळवटून काढते. गादी आधी उतरवावी, म्हणजे वजन कमी होते. तुटलेल्या बाजूला पट्टा बांधून तिघांनी झाकण हाताने उचलावे. ॲक्चुएटरची पिन बाहेरून काढायची सोय असेल तर ती आधी काढावी. झाकण पूर्ण उघडे करून दोन्ही बाजूंना लाकडी टेकू लावावेत, शिवाय वरून पट्ट्याने बांधावे. एकट्या टेकूवर भिस्त ठेवू नये. गॅस स्ट्रट पूर्ण लांबलेला असतानाच काढायचा. दबलेल्या स्थितीत त्याचे टोक सोडवले तर ते तोंडावर येते. निकामी स्ट्रटला भोक पाडणे किंवा तो कापणे तर सर्वथा वर्ज्य. आत फार मोठ्या दाबाने नायट्रोजन भरलेला असतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचून राहते. झाकण नीट उघडले, ब्लोअर (इंजिनाच्या खणातली हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवला, वास येत नाही याची खात्री केली, मग बॅटरी तोडली, हा क्रम मोडू नये. अमेरिकेत पेट्रोल इंजिनाच्या बोटींवर इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे ब्लोअर चालवण्याची सूचना लावणे बंधनकारक आहे. दुरुस्तीच्या वेळी आम्ही त्याहून जास्त वेळ चालवतो. ग्राइंडर इंजिनाच्या खणात चालवायचाच नाही. धातूचे काम बोटीबाहेर करावे. इंजिनाच्या हवेच्या तोंडावर कापड बांधून ठेवावे, कारण एक नट आत पडला तर बिजागरीचे काम इंजिन उतरवण्यावर जाते.

आता मुख्य काम. बहुतेक बोटींत झाकण आणि डेक दोन्ही सँडविच पद्धतीचे असतात. वर-खाली फायबरचे पापुद्रे आणि मध्ये बाल्सा (एक अतिशय हलके लाकूड), प्लायवूड किंवा फोमचा गाभा. त्यात घुसवलेला स्क्रू फक्त वरच्या तीन मिलिमीटरच्या पापुद्र्यावर तग धरतो. लांब स्क्रूने काहीच फरक पडत नाही, उलट पाण्याला खोलवर वाट मिळते. लेखातल्या सल्ल्याशी आमचा मुख्य मतभेद इथेच आहे.

प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जावे. आवाज बद्द आला की तिथे खूण करावी. मग खालच्या बाजूने, म्हणजे जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा रंगीत, चकचकीत थर) नसलेल्या अंगाने, २५ मिलिमीटरच्या अंतराने ३ मिलिमीटरची भोके पाडत बाहेर जावे. ड्रिलवर येणारा भुगा ओला आणि काळा आहे तोवर पुढे जायचे. कोरडा, फिकट भुगा आला की थांबायचे. तेवढा खालचा पापुद्रा कापून बाजूला ठेवावा, वरचा शाबूत राहू द्यावा. म्हणजे बोटीचा दर्शनी भाग बिघडत नाही आणि जेलकोटचे रंग जुळवण्याची डोकेदुखी टळते. कुजलेला गाभा खरवडून काढावा. उरलेल्या कडा हीटरने सावकाश वाळवाव्यात, तापमान ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. ॲसिटोन ओतून गाभा वाळत नाही. घाईने ओल्यावरच एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा चिकट माल) चढवली तर ती चिकटलेली दिसते आणि पुढच्या हंगामात पापुद्र्यासारखी सुटते.

बिजागरीच्या खाली पुन्हा बाल्सा भरू नये. तिथे जी-१० म्हणून मिळणारा काच-एपॉक्सीचा कडक तक्ता किंवा जास्त घनतेचा फोम बसवावा. त्याचा विस्तार प्रत्येक बोल्टच्या पुढे किमान ५० मिलिमीटर हवा. चिकटवायला एपॉक्सीत कोलॉइडल सिलिका ही घट्टपणा आणणारी बारीक पूड मिसळून ती इतकी घट्ट करावी की चमचा उलटा धरला तरी ओघळू नये. पण त्याआधी दोन्ही पृष्ठभागांवर बिनसिलिकाची पातळ एपॉक्सी ब्रशने मुरवावी, नाहीतर कोरडा गाभा घट्ट मिश्रणातला रेझिन शोषून घेतो आणि सांधा उपाशी राहतो. पॉलिएस्टरची सवय असलेले कारागीर थंडी असली की हार्डनर जास्त घालतात. एपॉक्सीत ते चालत नाही. प्रमाण ठरलेलेच ठेवावे लागते. जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि माल कायमचा रबरासारखा मऊ राहतो. थंडीसाठी जलद हार्डनर वेगळा मिळतो, तो वापरावा.

खालचा पापुद्रा परत बसवताना सांध्याच्या दोन्ही बाजूंना १२ ला १ असा उतार घासावा. पापुद्रा ३ मिलिमीटरचा असेल तर उतार ३६ मिलिमीटर रुंद. त्यावर ४५ अंशांत शिवलेले, चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचे काचेचे कापड चार थर, सर्वांत लहान तुकडा आधी आणि क्रमाने मोठे. एवढ्यात सुमारे ३ मिलिमीटर जाडी भरून येते. एपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट थर येतो. तो पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुतल्याशिवाय पॉलिश पेपर लावू नये; घासल्याने तो निघत नाही, खाली दाबला जातो.

गाभा कोरडा असेल आणि फक्त भोके सैल झाली असतील तर काम थोडक्यात होते. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी खालून १४ मिलिमीटरचे भोक पाडावे, वरचा पापुद्रा सोडून. आतला गाभा वाकवलेल्या तारेने आणखी थोडा कोरून घ्यावा, सिलिकामिश्रित एपॉक्सी भरावी, २४ तास राहू द्यावे आणि मग त्यातून ६.५ मिलिमीटरचे भोक घ्यावे. म्हणजे बोल्टभोवती घन एपॉक्सीची नळी तयार होते; पाणी शिरले तरी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही आणि बोल्ट आवळताना डेक दबत नाही. मोठी पोकळी एका दमात भरू नये. एपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने धुमसते आणि तडकते. वरून जेलकोटमधून भोक पाडताना ड्रिल सुरुवातीला उलटे फिरवावे, टवके उडत नाहीत. भोकाच्या तोंडाची कड ४५ अंशांत थोडी तिरकी घासावी (चॅम्फर). तसे केले नाही तर बोल्ट आवळताच जेलकोटला चांदणीसारख्या भेगा पडतात.

तुटलेली बिजागरी वेल्ड करावी का? ओतीव ॲल्युमिनियमची असेल तर करू नये. ओतकामात सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांत मीठ आणि तेल मुरलेले असते आणि टाका वरवरच बसतो. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमची घडीव बिजागरी टिग वेल्डिंगने जोडता येते, पण टाक्याच्या शेजारची पट्टी उष्णतेने मऊ पडते आणि तिथली ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास घटते. म्हणजे दुरुस्त केलेली मान आता टाक्यावर नव्हे, टाक्याच्या शेजारी तुटणार. ३१६ एल स्टेनलेसची बिजागरी मात्र त्याच प्रकारच्या तारेने उत्तम जुळते. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, खोबण काढून, दोन्ही अंगांनी वेल्ड करावे आणि नंतर निळसर-तपकिरी डाग ॲसिड पेस्टने साफ करावेत. ते तसेच राहिले तर गंज तिथूनच सुरू होतो. ३०४ आणि ३१६ हे स्टेनलेसचे दोन प्रकार ओळखायला लोहचुंबक कामाचा नाही, दोन्हींना तो जवळजवळ चिकटत नाही. फरक मॉलिब्डेनमचा आहे; ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असते आणि खाऱ्या पाण्यात तेच तारते. खात्रीचा कागद असलेला मालच घ्यावा.

नवी करून घ्यायची असेल तर ६ मिलिमीटरची ३१६ पट्टी आणि १० मिलिमीटरची पिन हा आमचा आवडता जोड. पिनेभोवती ॲसिटल या कडक प्लॅस्टिकचा बुश (पिन फिरण्यासाठीची नळी) बसवावा, नायलॉनचा नको. नायलॉन पाणी शोषून फुगतो आणि पिन जाम करतो. जाम झालेली पिन फिरत नाही, मग झाकण उघडताना बिजागरीची बैठकच पिळली जाते. ॲल्युमिनियमची बिजागरी आणि स्टेनलेसचे बोल्ट असा जोड असेल तर दोन्हींमध्ये प्लॅस्टिकचे वॉशर आणि गंजरोधक पेस्ट हवीच. खाऱ्या पाण्यात ते दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत जाते.

पिना एका रेषेत आणणे हे कौशल्याचे काम आहे आणि ते बोल्ट आवळायच्या आधी करायचे. झाकण बंद स्थितीत टेकूंवर ठेवून चारही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या खोचाव्यात, म्हणजे फट सगळीकडे एकसारखी राहते. बिजागऱ्यांच्या पिना काढून त्यांच्या जागी एकच सरळ, झाकणाच्या रुंदीएवढा दांडा सगळ्या बिजागऱ्यांतून ओवावा. तो हाताने गरगर फिरला पाहिजे. अडला तर ज्या बिजागरीपाशी अडतो तिच्या बैठकीखाली जी-१० ची पातळ चकती सरकवावी. भोक कानशीने लांबट करून जुळवून घेण्याचा मोह आवरावा. लांबट भोकातला बोल्ट पहिल्या मोठ्या लाटेला सरकतो. बिजागरीच्या प्रत्येक पानात (पट्टीत) आधी एकेकच बोल्ट लावावा, दांडा काढून पिना घालाव्यात, दांडे-ॲक्चुएटर न जोडता झाकण हाताने पूर्ण उघडून-मिटून पाहावे. कुठेही घासले नाही तरच उरलेली भोके पाडावीत.

बोल्ट आरपार असावेत, स्क्रू नव्हेत. खाली जी-१० चा ६ मिलिमीटर जाडीचा तक्ता, बिजागरीच्या बैठकीपेक्षा दुपटीने मोठा, कोपरे गोल केलेले आणि घट्ट एपॉक्सीच्या थरावर बसवलेला. नुसताच ठेवला तर तो खालच्या वळणावर दोन ठिकाणीच टेकतो. रुंद वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, सहज सैल न होणारा), नटाच्या बाहेर किमान दोन आटे. स्टेनलेसचे आटे कोरडे आवळले तर जागीच चिकटून बसतात, म्हणून वंगण लावून पाना सावकाश फिरवावा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला ६ ते ७ न्यूटन-मीटर, ८ मिलिमीटरच्याला १४ ते १५ पुरे. सीलंट म्हणून ब्युटिल टेप किंवा पॉलिसल्फाइड चांगले. कायमचा चिकटवणारा पॉलियुरेथेन इथे नको, कारण पुढच्या वेळी बिजागरी काढताना जेलकोट सोलून निघेल. सिलिकॉन तर नकोच. त्याच्या जागेवर पुन्हा काही चिकटत नाही.

शेवटी दांडे. गॅस स्ट्रट नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा, एक जुना असेल तर झाकण प्रत्येक वेळी पिळले जाते आणि एकच बिजागरी मार खाते. नळकांड्यावर छापलेला न्यूटनचा आकडा पाहून तेवढ्याच जोराचा घ्यावा. ‘जरा दमदार’ घेतल्याने झाकण झटकन उघडते खरे, पण तो सगळा जास्तीचा जोर बिजागरीच्या माथी बसतो. तापमान २० अंशांनी वाढले की स्ट्रटचा जोर सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, हेही हिशेबात धरावे. बसवताना बारीक दांडी खाली, नळकांडे वर. आतले तेल सीलवर राहते.

ॲक्चुएटरची मांडणी अशी तपासावी. ॲक्चुएटर सोडवून झाकण आपल्या वजनाने रबरावर ठेवावे आणि वरच्या-खालच्या कंसांच्या भोकांतले अंतर मोजावे. पूर्ण आत गेलेल्या ॲक्चुएटरची लांबी त्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच कमी हवी, रबर दबण्यापुरती. फरक दहा मिलिमीटरचा असेल तर झाकण मिटल्यावरही मोटर खेचत राहते आणि तो ताण पेलणारी बिजागरी रोज थोडी वाकते. खालचा कंस हलवून हा फरक काढावा. दोन ॲक्चुएटर नुसतेच समांतर जोडलेले असतील तर जास्त भार असलेला मागे पडतो. दोन्हींची चाल मोजून एकसारखी ठेवणारा नियंत्रक लावावा. कडीला एक छोटा स्विच जोडून, कडी लागलेली असताना ॲक्चुएटरला वीजच मिळणार नाही अशी व्यवस्था करणे कठीण नाही, आणि एकदाच आलेल्या जोराने होणारी मोडतोड त्याने थांबते. फ्यूज बनवणाऱ्याने सांगितलेल्याच क्षमतेचा हवा. वारंवार उडतो म्हणून मोठा घालणे म्हणजे अडकलेल्या मोटरला बिजागरी तोडायची मोकळीक देणे. खणातला प्रत्येक विजेचा भाग ठिणगीपासून सुरक्षित, आयएसओ ८८४६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेला असावा.

हे झाकण फक्त गादी ठेवायला नसते, हेही लेखात यायला हवे होते. खणात आग लागली तर आपोआप सुटणारा विझवणारा वायू आत कोंडून ठेवण्याचे काम तेच करते. बिजागरीकडची कड उचललेली असेल, तर वायू तिथून निसटतो आणि ताजी हवा आत जाते. बिजागरी मागच्या बाजूला असलेल्या झाकणांत पुढची कड वाऱ्याच्या तोंडी येते, त्यामुळे सैल कडी किंवा सैल बिजागरी वेगात असताना झाकण उघडवू शकते. ट्रेलरवरून नेतानाही तोच धोका, म्हणून झाकणावरून पट्टा बांधूनच न्यावे. पाण्यावर असताना बिजागरी तुटली तर झाकण दोन्ही बाजूंच्या कडीखुंट्यांना पट्ट्यांनी आडवे-उभे बांधावे, वेग अगदी कमी करून परतावे आणि ब्लोअर चालू ठेवावा. चिकटपट्टीने हे काम भागत नाही.

दुरुस्तीनंतर पहिल्या दहा तासांच्या वापरानंतर सगळे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत आणि प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ मारून ठेवावी. पुढे नट फिरला का ते नुसत्या नजरेने कळते. आमची आपल्याला विनंती एवढीच, की मूळ लेखातला लांब स्क्रू वापरण्याचा सल्ला चुकीचा असल्याचे त्याच सदरात छापावे, कारण तो वाचून कामाला लागलेले वाचक हे पत्र वाचतीलच असे नाही.

आपले,
फायबर बोटींच्या दुरुस्तीचे काम करणारे काही कारागीर